माडीवरची किरायादारीण

निरोप समारंभातला नारळ आणि शाल घेऊन घरी आलो, तेव्हा वाटलं होतं की ठाण्यातल्या गोष्टी ठाण्यातच राहतील. बहुतेक राहिल्याही. सेलूच्या त्या माडीवरच्या कुलपाची गोष्ट मात्र माझ्या मागोमाग घरी आली. अजूनही एखाद्या घराच्या जिन्याला बाहेरून लावलेलं कोरं कुलूप दिसलं की माझे पाय थांबतात. बायको म्हणते, “चला आता, ड्युटी संपली तुमची.” तिला मी हे प्रकरण अर्धंच सांगितलं आहे. पूर्ण सांगितलं असतं तर तीही थांबली असती. त्या दिवशी एका बाईचा आणि तिच्या लेकराचा जीव माझ्या जीपच्या एका वळणावर टांगलेला होता.

या आठवणीत कुणाचं नाव लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण हे प्रकरण नावाशिवाय सांगताच येत नाही. म्हणून दोन नावं लिहिली आहेत, आणि दोन्ही बदललेली आहेत.

सेलूला मी ठाणेदार म्हणून गेलो तेव्हा कापसाचा हंगाम होता. बाजार समितीच्या रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागायची आणि आमची अर्धी सकाळ वाहतूक मोकळी करण्यात जायची. उरलेल्या वेळात घरमालक यायचे. मी मूळचा नगरकडचा. आमच्याकडे भाडं आणि भाडेकरू म्हणतात. इकडे किराया आणि किरायादार. “साहेब, किरायादार निघंना,” हे वाक्य मी परभणी जिल्ह्यात जितक्यांदा ऐकलं तितक्यांदा ‘चोरी झाली’ हेही ऐकलं नसेल. नोकरी संपत आली की माणूस प्लॉट घेतो, वर दोन खोल्या चढवतो आणि म्हणतो, म्हातारपणी किराया खाऊ. खोल्या बांधून होईपर्यंत सगळं गोड असतं. मग पहिला किरायादार येतो आणि मालकाची झोप उडते. मी प्रत्येकाला सांगायचो, हा दिवाणी मामला आहे, वकील गाठा. त्यांना ते पटत नसे. घर आपलं, कुलूप आपलं, मग बाहेर काढायला वकील कशाला, असा त्यांचा सरळ हिशेब असायचा.

त्यातलेच एक गुरुजी. मूळचे वालूरचे. जिल्हा परिषदेच्या शाळांत जन्म घालवलेला. सेलूच्या नव्या वस्तीत त्यांनी घर बांधलं होतं. खाली ते आणि त्यांची पत्नी, वर किरायाच्या दोन खोल्या. निवृत्तीनंतर हाती आलेलं सगळं त्या माडीत घातलेलं. मुलंबाळं नव्हती, त्यामुळे पुढचा आधार म्हणजे ती माडीच. पहिला किरायादार त्यांना असा भेटला की विचारू नका. त्याने शिकवणी वर्ग काढला, गॅलरीला आपल्या नावाचा भला मोठा बोर्ड ठोकला आणि वर्षभराने त्याच बोर्डाकडे बोट दाखवून म्हणाला, “गाव मला इथं वळखतं. मी कामून जाऊ?” गुरुजी रोज ठाण्यात. शेवटी तो गेला, पण जाताना नळ आणि पंखेही घेऊन गेला. त्या दिवशी गुरुजी माझ्यासमोर बसून म्हणाले, “साहेब, आता जन्मात माझ्या भिंतीला किरायादाराच्या नावाचा खिळा ठोकू द्यायचो न्हाई.”

मी हसलो होतो. माणूस मात्र शब्दाचा पक्का निघाला. पुढचा किरायादार येण्याआधीच ठाण्यात येऊन भाडेकरू माहितीचा फॉर्म घेऊन गेला. इतर मालकांना मी नोटिसा पाठवून दमायचो, तेव्हा कुठे फॉर्म यायचे. गुरुजींचं उदाहरण मी मीटिंगमध्ये द्यायचो.

मग एका सकाळी ठाण्यातला फोन वाजला. ठाणे अंमलदाराने घेतला. पलीकडचा माणूस म्हणाला, “मी त्या गुरुजींच्या शेजारून बोलायलोय. त्यांच्या माडीवरली किरायादारीण दिसंना गेलीय. लेकरू बी दिसंना. वर कुलूप हाय, ते बी नवं. गुरुजीसंग तिची लय कुरबुर चालू होती. एकटी बाई होती, साहेब. काय केलं काय की. तुमी बगा तरी.” नाव विचारलं तर फोन बंद.

निनावी फोनवर धावत सुटायचं नसतं, पण बाई आणि लेकरू म्हटल्यावर बसूनही राहता येत नाही. स्टेशन डायरीला नोंद करायला सांगितली, बीट अंमलदार आणि एक महिला अंमलदार बरोबर घेतली आणि निघालो. वाटेत बीट अंमलदाराला विचारलं, “त्या किरायादारणीचा फॉर्म आलाय ना?” तो म्हणाला, “न्हाई साहेब. गुरुजी म्हणले, देतो देतो.”

तिथेच मला पहिल्यांदा खटकलं. जो माणूस मागितल्याशिवाय फॉर्म नेतो, तो याच बाईचा फॉर्म का देत नाही?

गुरुजी अंगणात तुळशीला पाणी घालत होते. जीप पाहून त्यांच्या हातातला तांब्या तसाच राहिला, पाणी पायावर सांडत राहिलं. “या साहेब,” म्हणाले. वरच्या बाईबद्दल विचारलं तर म्हणाले, “गावाला गेली.”

“कोणत्या गावाला?”

“ते... काही बोलली न्हाई.”

“कुलूप कुणी लावलं?”

“मीच लावलं. दार उघडं टाकून कसं चालंल?”

म्हणजे ती गेली तेव्हा दार उघडं होतं. गुरुजींच्याही ते बोलल्यावर लक्षात आलं. त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसायला घेतला आणि बराच वेळ पुसत राहिले.

पंच बोलावून कुलूप उघडलं. आजवर पाहिलेल्या घरांत रक्ताचे सडेही होते, पण या दोन खोल्यांनी मला जास्त घाबरवलं. कुठे काही विस्कटलेलं नव्हतं. परातीत मळलेली कणीक होती, वाळून तिला भेगा पडल्या होत्या. पोळपाटावर एक अर्धी लाटलेली पोळी. खिडकीपाशी शिलाई मशीन आणि सुईखाली अर्धा शिवलेला ब्लाऊज. शेजारी गल्लीतल्या बायकांच्या साड्यांची चळत, प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी. लेकराची एक चप्पल दारात आणि दुसरी पलंगाखाली. गावाला जाणारी बाई पोळी अर्धी लाटून जात नाही, आणि शिवणकाम करून पोट भरणारी बाई मशीन सोडून जात नाही. मी महिला अंमलदाराकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता.

खाली गल्लीतल्या बायका जमल्याच होत्या. “आमच्या रेखाताईचं काय झालं वो, साहेब?” एकीने विचारलं. रेखा पिको-फॉल करायची, ब्लाऊज शिवायची, शब्दाला गोड होती, नवरा कधी कुणी पाहिला नव्हता. दुसरी बाई पदराआडून म्हणाली, “आमी गुरुजींना आधीच म्हणलं होतं, एकट्या बाईला खोली देऊ नगा. जग काय गप बसतं का?” आणि तिने गुरुजींकडे अशी नजर टाकली की म्हातारा माणूस भिंतीला टेकला. गुरुजींशी तिचं भांडण झालेलं मात्र कुणी ऐकलं नव्हतं. फोन कुणी केला, हेही कुणी सांगेना. मी तेव्हा त्याचा फार विचार केला नाही. असा फोन करून पुढे कोण येतो?

गुरुजींना चौकशीसाठी ठाण्यात आणलं. त्यांची पत्नीही मागोमाग चालत आली आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसली. तिला कुणी पाणी दिलं, ते तिने हातात धरून ठेवलं. मी गुरुजींना माझ्या खोलीत घेतलं, दार लोटलं. आधी चहा पाजला, मग रागावलो, मग समजावलं. चौकशीत माणूस खोटं बोलला तर बरं असतं. खोट्याला कुठेतरी टोक असतं, ते धरून ओढता येतं. गुरुजी खोटंही बोलेनात. नुसते गप्प. मधूनच म्हणायचे, “ती सुखरूप हाय, साहेब.” कुठे आहे विचारलं की पुन्हा गप्प.

“गुरुजी, बाहेर लोक काय बोलतायत ठाऊक आहे का? तुमच्या वयाकडे बघून मी थांबलोय. ती सापडली नाही तर मला तुम्हाला आत घ्यावं लागेल.”

त्यांनी हात पुढे केले. “घ्या,” म्हणाले. “घर जप्त करा. काय बी करा.”

“पण मला सांगायला काय हरकत आहे? माझ्यावर विश्वास नाही?”

त्यांनी दाराकडे पाहिलं. “तुमच्यावर हाय, साहेब. पण तुमच्या ठाण्याला खिडक्या लय हायेत.”

या वाक्याचा मला राग आला, खोटं कशाला बोलू. आणि त्याच वेळी शिपायाने मला बाहेर बोलावून सांगितलं की बाईचा भाऊ आलाय.

पस्तिशीचा माणूस. पांढरा शर्ट, कपाळाला अष्टगंध, डोळे रडून लाल. काखेत रेक्झिनची पिशवी. आल्याबरोबर माझ्या पायाला हात लावायला वाकला. “साहेब, माझी बहीण हाय ती. जिंतूर तालुक्यातले आमी. घरात थोडं भांडण झालं म्हणून निघून आली, आमी हुडकून हुडकून दमलो. आज कळलं की त्या म्हाताऱ्यानं...” आणि त्याला पुढे बोलवेना. पिशवीची चेन जराशी उघडून त्याने आतला गुलाबी फ्रॉक दाखवला. “भाचीसाठी आणलाय, साहेब. आता कुणाला घालू?”

महिला अंमलदाराने डोळ्याला रुमाल लावला. मलाही गलबलून आलं. मिसिंगची खबर त्याच्या नावाने घ्यायला सांगितली. ओळखपत्र मागितलं तर म्हणाला, मोटारसायकलच्या डिकीत आहे, आणतो. त्या गडबडीत ते राहूनच गेलं. खबर लिहून घेणाऱ्याने विचारलं, “बहिणीचं नाव?” तो म्हणाला, “कावेरी.” लिहिणाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. घर सोडून आलेली बाई दुसरं नाव सांगते, यात नवल काय.

त्याचं एकच म्हणणं होतं. म्हाताऱ्याला आत टाका आणि तिच्या मोबाईलवरून तिला शोधा. नंबर गल्लीतल्या बायकांकडून आम्हाला मिळाला होता आणि परभणीला सायबर शाखेकडे आधीच पाठवला होता. तोवर ठाण्याच्या फाटकाशी माणसं जमली. कुणीतरी ओरडलं, “गुरुजीला बाहेर काढा!” व्हरांड्यातली ती म्हातारी बाई तशीच बसून होती, हातातलं पाणी न पिता.

दुपारी परभणीहून फोन आला. मोबाईल बंद आहे, पण बंद होण्याआधी शेवटचा वालूरच्या, म्हणजे गुरुजींच्याच मूळ गावच्या टॉवरवर होता. मी फोन ठेवून वर पाहिलं तर भाऊ दारातच उभा. त्याने ऐकलं होतं.

“साहेब, मी येतो. ती मला बघून तरी बाहेर येईल.”

जिवंत असो वा नसो, ओळख पटवायला नातेवाईक लागतोच. मी त्याला जीपमध्ये घेतलं. तो मागे बसला, शेजारी महिला अंमलदार आणि समोर बीट अंमलदार. मी पुढे. गुरुजींना ठाण्यातच ठेवलं. आमची जीप निघताना गुरुजी खिडकीपाशी आले, मागे बसलेल्या त्या माणसाकडे पाहत राहिले, आणि गजांना धरून काहीतरी बोलले. इंजिनच्या आवाजात मला ते ऐकू आलं नाही.

गावाबाहेर रेल्वेचं फाटक लागलेलं होतं. पुढे कापसाचा टेम्पो उभा, मागे एसटी. उन्हाने जीप तापलेली. माझ्या डोक्यात एकच चित्र, वालूरच्या शिवारातली एखादी विहीर. त्या विचारातून बाहेर यावं म्हणून मी मागे वळून सहज विचारलं, “गल्लीत तिला रेखा म्हणतात. हे नाव तिने कुठून काढलं?”

तो म्हणाला, “रेखा तिचं जुनं नाव, साहेब. कावेरी हे लग्नातलं. आमच्यात जुनं नाव चालत न्हाई.”

तो हे अगदी सहज बोलला आणि खिडकीबाहेर पाहू लागला.

मी समोर वळलो. मालगाडी येत होती. माझी स्वतःची धाकटी बहीण आहे. तिच्या लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळावर अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं, ते मी स्वतः पाहिलं. तिच्या सासरी तिला त्याच नावाने हाक मारतात. पण मला आज कुणी झोपेतून उठवून ते नाव विचारलं तर आठवायला वेळ लागेल. माझ्यासाठी ती जुन्याच नावाची आहे आणि त्याला मी कधी ‘जुनं’ म्हटलेलं नाही. भाऊ बहिणीला लग्नातल्या नावाने हाक मारत नाही. ते नाव सासरचं. आणि ‘आमच्यात’ म्हणजे कुणाच्यात?

मालगाडीचे डबे संपता संपेनात. आरशात मला तो दिसत होता. एवढ्या उकाड्यात, एवढ्या गर्दीत त्याने ती पिशवी मांडीवरून खाली ठेवली नव्हती. दोन्ही हात पिशवीवर. तो माझ्या पाठीमागेच बसला होता, आणि त्याच्या शेजारी माझी अंमलदार होती, तीही एका लेकराची आई.

फाटक उघडलं. मी चालकाला म्हणालो, “गाडी ठाण्याकडे वळव. वालूरच्या बीटला देण्याचं पत्र टेबलावरच राहिलं.”

“साहेब, कागद राहू द्या की,” मागून आवाज आला. “उशीर व्हायलाय.” तो आवाज आता रडका नव्हता.

“कागदाशिवाय आमचं काही चालत नाही, बाबा,” मी म्हणालो. “पाच मिनिटं.”

ठाण्यात आलो. त्याला बाकावर बसवलं. बीट अंमलदाराला डोळ्यानेच सांगितलं की याला हलू देऊ नको. आणि आत जाऊन गुरुजींसमोर उभा राहिलो. त्यांना फक्त एक प्रश्न विचारला.

“गुरुजी, रेखाला भाऊ किती?”

गुरुजींनी वर पाहिलं. “भाऊ? तिला भाऊ न्हाई, साहेब. एकुलती एक. चौथीपर्यंत माझ्या वर्गात होती. राखी मलाच बांधायची. कोण आलाय भाऊ? जीपमधी बसला तो कोण, हेच मी खिडकीतून इचारत होतो.”

मग म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि जे सकाळपासून कोंडलं होतं ते बाहेर पडलं.

ती त्यांची विद्यार्थिनी. जिंतूर तालुक्यातल्या खेड्यात लग्न होऊन गेलेली. नवरा मारायचा, खांद्यावरचा भाजल्याचा डाग गुरुजींच्या पत्नीने पाहिला होता. आईबाप वारलेले. ती एकदा कुठल्याशा ठाण्यात गेली होती, तिथल्या कुणीतरी चार भल्या माणसांना बोलावून समजूत काढली आणि नवऱ्याबरोबर परत पाठवलं. त्यानंतरचा मार वेगळाच होता. दुसऱ्यांदा निघाली ती लेकराला घेऊन थेट गुरुजींच्या दारात. “मी म्हणलं, पोरी, फुकट राहा,” गुरुजी सांगत होते. “तर म्हणली, न्हाई गुरुजी, किराया घ्या. सासरी मी सून होते, निघ म्हणले. किरायादाराला कुणी असं उठून निघ म्हणत न्हाई, तुमीच सांगत होता ना? मला किरायादारच करा.”

फॉर्ममध्ये कायमचा पत्ता लिहावा लागतो. तिने हात जोडले की तेवढं लिहू नका. आयुष्यभर हजेरीपट चोख ठेवलेल्या माणसाने म्हणून फॉर्म कोरा ठेवला. फोन आला त्याच्या आदल्या दिवशी पोळ्या करताना खिडकीतून तिने नवऱ्याला गल्लीच्या तोंडाशी दुकानात काहीतरी विचारताना पाहिलं. लाटणं टाकून, लेकराला अनवाणी उचलून ती मागच्या बाजूने उतरली. गुरुजींच्या पत्नीने तिला एसटीत बसवून वालूरला आपल्या विधवा नणंदेकडे पोचवलं. गुरुजींनी वर कुलूप घातलं आणि गप्प बसले.

“मी बोललो असतो साहेब, तर तुमी तिला आणायला गेला असता. पुन्हा चार माणसं बसली असती.”

मी तिला आणायलाच निघालो होतो, आणि तिचा नवरा मांडीवर पिशवी घेऊन माझ्या मागे बसला होता. शेजारी म्हणून सकाळी फोन करणारा तोच, दुपारी रडणारा भाऊही तोच. नवरा म्हणून आला असता तर आम्ही आधी त्यालाच विचारलं असतं की बायको का पळाली. त्याला बायको सापडत नव्हती, म्हणून त्याने ती आमच्याकडून शोधून घ्यायचं ठरवलं. गुरुजींवर संशय टाकला की पोलीस जमीनअस्मान एक करतील, हे त्याने बरोबर ओळखलं होतं.

बाहेर आलो. “पिशवी बघू,” मी म्हणालो.

“फ्रॉक हाय साहेब, दाखवला की मघाशी.”

“पुन्हा दाखव.”

तो उठला तसा बीट अंमलदाराने त्याला मागून मिठी घातली. महिला अंमलदाराने पिशवी ओढून घेतली. वर गुलाबी फ्रॉक. त्याच्या खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेला ऊसतोडीचा कोयता. फ्रॉक महिला अंमलदाराने उलगडला तर तो अगदी तान्ह्या मुलीचा निघाला. मुलगी तोवर शाळेत जायला लागली होती. पुढे पंचनाम्यात मी दोन्ही वस्तू लिहिल्या, पण माझ्या डोळ्यांपुढून तो फ्रॉकच जास्त दिवस हटला नाही.

संध्याकाळी साध्या कपड्यांत मी, महिला अंमलदार आणि गुरुजी वालूरला गेलो. गुरुजी दाराशी उभे राहून म्हणाले, “रेखे, मी हाय गं. दार उघड.” आत कडी वाजली, पण दार उघडलं नाही. गुरुजी पुन्हा म्हणाले, “साहेब बरोबर हायेत. तुला न्यायला न्हाई आले. तू म्हणशील तेच लिहून घ्यायला आलेत.” मग दार किलकिलं झालं. तिच्या मागे लेकरू तिच्या पदराला धरून. मी उंबऱ्याबाहेरच बसलो. महिला अंमलदार आत गेली. फिर्याद लिहून व्हायला बराच वेळ लागला, मध्ये मध्ये आतला आवाज थांबायचा. कुणीही घाई केली नाही.

छळाचा गुन्हा दाखल झाला, पोलिसांना खोटी खबर दिल्याची कारवाई वेगळी झाली. नवरा जामिनावर सुटेल ही धास्ती तिला होती आणि मलाही होती. बदली होईपर्यंत मी त्या गल्लीत रोज गस्तीची गाडी पाठवत होतो. न्यायालयात रेखा उभी राहिली तेव्हा तिला पुकारा झाला तो कागदावरच्या नावाने, कावेरी म्हणून. ती म्हणाली, “मी रेखा. ते नाव त्यांनी ठेवलेलं हाय.”

नवीन अधिकाऱ्यांपुढे बोलायला बोलावतात तेव्हा मी हे प्रकरण सांगतो. खबर आली की खबर काय आहे ते बघताच, पण ती देणाऱ्याला काय हवं आहे तेही बघा. गप्प बसलेला माणूस गुन्हेगारच असेल असं धरू नका. कधी कधी तो आपल्यापासूनच कुणालातरी वाचवत असतो. आणि घरमालकांना मी आजही सांगतो, किरायादाराचा फॉर्म भरा, कागद करा, तो तुमच्याच भल्याचा आहे. गुरुजींना मात्र मी त्या कोऱ्या फॉर्मबद्दल कधी बोललो नाही. तो त्यांनी नंतर स्वतःच आणून दिला, भरून.

बदलीच्या आधी एकदा त्या वस्तीत गेलो होतो. गुरुजींच्या दारासमोर स्टूल ठेवलेलं, त्यावर रेखा उभी. हातात हातोडी. दाराशेजारच्या भिंतीला लावायचा छोटासा पत्र्याचा बोर्ड लेकराने दोन्ही हातांनी धरलेला: ‘रेखा, पिको-फॉल व ब्लाऊज’. नुसतं नाव, त्यापुढे ना बापाचं, ना नवऱ्याचं. गुरुजी स्टूल घट्ट धरून उभे होते. मला पाहून ते जरा ओशाळले, कारण त्यांची ती जुनी शपथ आम्हा दोघांनाही आठवली होती.

मी हसलो नाही. रेखाने खिळ्यावर हलकेच एक घाव घातला, भिंत नवी म्हणून जपून.

“आणखी खोल ठोक, पोरी,” गुरुजी खालून म्हणाले. “निघायला नको.”